सकाळी मूठ वळत नव्हती: संधिवाततज्ज्ञांकडे जाण्याचा माझा अनुभव

सांधा दुखला की हाडांचे डॉक्टर गाठायचे, ही आमच्या तासगाव भागातली रीत. पडून हाड मोडलं, गुडघा झिजला, तर ते योग्यच. पण माझी बोटं सकाळी सुजलेली असायची, भाकरी थापताना तळहात टेकवत नव्हता, म्हशीची धार काढताना मूठ आवळत नव्हती. हा आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए). यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. त्याचे डॉक्टर वेगळे, रूमॅटॉलॉजिस्ट म्हणजे संधिवाततज्ज्ञ. सांगली-मिरजेत चौकशी करताना पाटीवरची पदवी वाचा: एम.डी. मेडिसिननंतर डी.एम. किंवा रूमॅटॉलॉजीतलं पुढचं शिक्षण असावं.

झिजेचं दुखणं कामानं वाढतं आणि बसलं की उतरतं. आमवाताचं उलटं. उठल्यावर अर्धा-एक तास, कधी त्याहून जास्त वेळ सांधे आखडलेले राहतात आणि हालचालीनं मोकळे होतात. बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, पावलांचे चवडे, आणि बहुधा दोन्ही बाजूंना. नखाजवळचं पेर सहसा सुटतं. कुणी हात मिळवताना बोटांच्या मुळांवर दाब आला आणि कळ आली, तर ती खूण मोठी आहे. अशी सूज सहा आठवड्यांपुढे टिकली तर थांबू नका. तीन महिन्यांच्या आत योग्य औषध सुरू झालं तर सांधा वाचण्याची शक्यता बरीच वाढते. एकदा हाड कुरतडलं गेलं की ते भरून येत नाही.

चिकनगुनियानंतरही हुबेहूब असंच दुखतं, महिनोन्महिने. त्यामुळे आधी ताप आला होता का, कधी आला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली कंबरदुखी तीन महिन्यांहून जास्त टिकली, पहाटे जाग आणू लागली आणि चालल्यावर कमी होत असली, तर तीही याच डॉक्टरांकडे न्यायची. मात्र एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. सांध्यात पू असेल तर काही दिवसांत सांधा जातो.

जाताना जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. सूज दुपारपर्यंत उतरते, म्हणून सकाळीच हाताचे फोटो काढून ठेवा. ‘वातावरच्या’ पुड्या घेतल्या असतील तर त्याही सोबत न्या, लपवू नका. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत आराम पडतो आणि खरा आजार झाकला जातो. महिनोन्महिने घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारून उतरवा.

तपासणीत डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून पाहिला. मग रक्त: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या), आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवात ओळखायला मदत करणाऱ्या), लिव्हर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). सोबत हातापायांचे एक्स-रे. इथे बरेच जण फसतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाही, असं होत नाही. पाचातल्या एकाला तरी तो निगेटिव्हच असतो. उलट निरोगी माणसालाही, विशेषतः उतारवयात, पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी जास्त भरवशाची. गाऊट या दुसऱ्या सांधेदुखीत तपासतात त्या यूरिक ॲसिडचंही तसंच आहे. पायाचा अंगठा रात्रीतून ठणकायला लागला तरी झटक्याच्या वेळी ते नॉर्मल येऊ शकतं. सूज उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं.

औषधात मुख्य मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच. सगळ्यात घातक चूक इथेच होते: रोजची समजून घेतली तर रक्तातल्या पेशी घसरतात, तोंड सोलतं, जीवावर बेततं. आमच्या घरी कॅलेंडरवर फक्त रविवारी खूण असते. डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या दिवशी फॉलिक ॲसिड. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर सूज आवरायला थोडे दिवस कमी डोसचं स्टेरॉइड देतात, आणि गोळी ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडणारे नेमके याच काळात सोडतात. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी, मग साधारण तीन महिन्यांनी सीबीसी, लिव्हर आणि क्रिएटिनिन तपासायचं, बरं वाटत असलं तरी. दारू टाळायची. मूल हवं असलेल्या बाईनं ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावी, कारण मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे आमवाताचं दुसरं औषध दिलं तर सुरुवातीला डोळ्यांचा पडदा तपासून घ्या आणि पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा दाखवा.

गावातल्या डॉक्टरांकडे ताप-खोकल्यासाठी गेलात तरी ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे आधी सांगा. को-ट्रायमॉक्सॅझोल हे साधं अँटिबायोटिक त्यासोबत घेतलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. मोठा ताप असेल तर त्या आठवड्याची गोळी घ्यायची की थांबायची, हे संधिवाततज्ज्ञांना फोन करून विचारा.