जपानीत ‘पूर्वग्रह’: हेन्केन की सेन्न्यूकान?

मराठीत ‘पूर्वग्रह’ एवढ्या एका शब्दावर भागतं. जपानीत त्याचे तुकडे होतात, आणि चुकीचा तुकडा उचलला की वाक्य व्याकरणात बसतं, पण अर्थाने चुकतं.

फसगत मराठीमुळेच होते. ‘पूर्वग्रह’ची फोड जुळते ती ‘सेन्न्यूकान’शी: सेन म्हणजे आधी, न्यू म्हणजे शिरणं, कान म्हणजे दृष्टी. पण यात आकस असतोच असं नाही. ‘जपानी माणूस वेळ पाळणारच’ हेसुद्धा सेन्न्यूकान. मनात अढी असेल तर शब्द ‘हेन्केन’. हेन म्हणजे कललेलं, केन म्हणजे पाहणं. हा बाळगायचा असतो, म्हणून ‘हेन्केन ओ मोत्सु’. ‘हेन्केन सुरु’ म्हणत नाहीत (जपानीत ‘सुरु’ म्हणजे करणं).

कुणाबद्दलचा, हे सांगताना ‘नि ताइसुरु’ लागतं. ‘गाइकोकुजिन नो हेन्केन’ म्हटलं, तर पूर्वग्रह परदेशी लोकांच्याच मनात आहे असं वाटू शकतं. परदेशी लोकांबद्दलचा म्हणायचा असेल तर ‘गाइकोकुजिन नि ताइसुरु हेन्केन’.

घोडबंदर रोडवरचा एखादा घरमालक ‘एकटी मुलं धिंगाणा घालतात’ असं धरून चालतो, ते हेन्केन. त्यापायी तो घर नाकारतो, ते ‘साबेत्सु’. याला मात्र ‘सुरु’ जोडता येतं. ‘कुबेत्सु’शी गल्लत नको, तो निव्वळ फरक, ओला कचरा-सुका कचरा असतो तसा. बाई वर्गात लाडक्या विद्यार्थ्याला झुकतं माप देत असतील तर ‘एकोहीइकी’. आणि आपल्याकडे कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तसं जपानीत ‘इरोमेगाने दे मिरु’, रंगीत चष्म्यातून पाहणं.

ऐरोली-महापेच्या ऑफिसांत भाषांतर करणाऱ्यांनी एक जपावं. डेटा एकांगी असेल तर रिपोर्टात ‘देता नो कातायोरी’ किंवा सरळ ‘बाइआसु’ लिहा. कातायोरीतली कांजी (चिनी लिपीतून आलेलं अक्षर) हेन्केनमधलीच, पण डेटाला मत नसतं, त्यामुळे हेन्केन तिथे विचित्र दिसतो.

गंमतीत मात्र हेन्केन चालतो. ‘दोकुदान तो हेन्केन दे’ म्हणजे माझ्या मनमानीने आणि पूर्वग्रहाने. ठाण्यातल्या मिसळींची क्रमवारी लावून मामलेदारला पहिला नंबर द्यायचा, तर आधी हे म्हणून टाकावं. वादाला जागा राहत नाही. क्लायंटच्या मेलमध्ये ही थट्टा नको, तिथे ‘कोजिन्तेकी ना इकेन देसु गा’, म्हणजे ‘हे माझं वैयक्तिक मत आहे, पण...’, एवढं पुरे.