पडद्यावरची पिवळी रेघ

मांडीच्या मागची गाठ मला जाणवली ती लाकडी बाकावर बसताना. दाबली की पोटरीतून तळपायापर्यंत झिणझिण्या जायच्या. घरच्यांचं निदान तयार होतं: चरबीची गाठ. आमच्याकडच्या सर्जनलाही तेच वाटलं. "जागेवर भूल देऊन अर्ध्या तासात काढून टाकू," म्हणाले.

सोनोग्राफीत ती साडेपाच सेंटिमीटरची निघाली, तीही खोल, स्नायूंच्या मध्ये. माझी मावसबहीण नर्स आहे. तिने फोनवर झापलंच. "पाचाच्या वर आणि खोल असेल तर एमआरआय झाल्याशिवाय सुरी लावू द्यायची नाही. उद्या सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागांतला कॅन्सर, निघाला तर दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं होईल."

साध्या एमआरआयवरून नक्की काही सांगता येईना, म्हणून काँट्रास्ट (शिरेतून सोडायचा डाय) देऊन परफ्युजन, म्हणजे गाठीत रक्त कसं पोचतं ते बघणारा एमआरआय, करायचं ठरलं. पहिली खेप फुकट गेली. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या कामाचा, रिपोर्ट लागतो हे अपॉइंटमेंट देताना कुणी बोललंच नाही. किडनी फारच कमजोर असेल तर गॅडोलिनियम, म्हणजे डायमधलं औषध, जपून द्यावं लागतं, हे तिथे पोचल्यावर कळलं. रिक्षाचे पैसे गेले, रजा गेली.

दुसऱ्या खेपेला हातात सुई, तिला लांबलचक नळी, नळीचं टोक पंपात. माझं वजन अठ्ठावन्न किलो, म्हणून औषध जेमतेम बारा मिली. "आता हलू नका, डाय सोडतोय," असा आवाज आला आणि कोपरापासून वर गार धार चढली. मशीन ठकठकत दर काही सेकंदांना तोच तुकडा पुन्हा पुन्हा टिपत होतं. पाच मिनिटं असतील. मी आकडे मोजत पडले होते. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली ती नेमकी तेव्हाच.

रेडिऑलॉजिस्ट बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. कुठे किती वेळात किती डाय पोचला त्याचा आलेख होता: लाल रेघ धमनीची, पिवळी गाठीची. कॅन्सरच्या गाठीत नव्या, गळक्या रक्तवाहिन्या असतात. डाय धमनीत येताच काही सेकंदांत तिथे भरतो आणि मग रेघ सपाट होते किंवा उतरते. साध्या गाठी बहुधा सावकाश भरतात. माझी पिवळी रेघ लाल रेघेच्या पाठोपाठ सरळ वर गेली होती. माझे हातपाय गळाले.

"एवढ्यावर मी कॅन्सर लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. "नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, काही साध्या गाठीही अशाच झटपट भरतात. दाबल्यावर कळ कुठे जाते?" इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी तळपाय दाखवला. त्यांनी मान डोलावली, पण बायॉप्सी टळली नाही. परफ्युजनचा उपयोग तिथे झाला: ज्या भागात रक्त भरपूर पोचत होतं तिथेच सुई घालायची, मधल्या मेलेल्या भागात नाही. सुईची वाट हाडांच्या कॅन्सर सर्जननी स्वतः आखली. गाठ वाईट निघाली असती तर ती वाटही गाठीसोबत कापून काढावी लागली असती.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला: श्वानोमा, नसेच्या आवरणाची साधी गाठ. मी रडतच मावसबहिणीला फोन लावला.

"बरं झालं," ती म्हणाली. "बायॉप्सीच्या तुकड्याच्या स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉक ताब्यात घेतलेस ना?"