घरचे जाळे केबलवरून वाय-फायवर : तिसरा आठवडा

पंधरा वर्षे आमच्या दुमजली घरात कॅट ५ई ही संगणक जोडण्याची नेटवर्क केबल केसिंग पट्ट्यांमधून फिरत होती. रंगकामासाठी पट्ट्या काढाव्या लागल्या, तेव्हा त्या पुन्हा ठोकण्याऐवजी दोन संगणक, प्रिंटर आणि फायली साठवण्याचा नॅस हे सर्व वाय-फायवर नेण्याचे ठरवले. केबल काढण्यापूर्वी आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने मोजणी करून ठेवली होती : वेग सेकंदाला ९४० मेगाबिट, पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) एका मिलिसेकंदाच्या आत. ही नोंद नसती, तर पुढे ‘पूर्वी बरे चालत होते’ एवढेच म्हणता आले असते.

पहिला आठवडा राउटरच्या जागेतच गेला. फायबर जिथे घरात शिरते त्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाला लागून तो ठेवला होता आणि वरच्या खोलीत सिग्नल उणे ७८ डीबीएम मिळत होता (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार). दहा मीटर केबल जोडून तोच राउटर जिन्याच्या वळणावर नेल्यावर त्याच खोलीत उणे ६१ आला. नवा राउटर घेण्याचा विचार तिथेच मागे पडला.

खरा धडा नॅसने दिला. ५ गिगाहर्ट्‌झवर ८० मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या चॅनलवर (रेडिओलहरींच्या पट्ट्यातील एका मार्गावर) संगणक ८६६ मेगाबिटची जोडणी दाखवतो, परंतु हवेत एका वेळी एकालाच बोलता येत असल्यामुळे आणि प्रत्येक पाकिटाची, म्हणजे माहितीच्या तुकड्याची, पोच परत यावी लागत असल्यामुळे प्रत्यक्षात ५२०च्या आसपास वेग मिळतो. नॅसही वाय-फायवर असताना प्रत्येक फाइल आधी नॅसकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून संगणकाकडे, अशी त्याच चॅनलवरून दोनदा जाते. त्यामुळे वेग २५०वर आला. नॅस राउटरशेजारी ठेवून हातभर केबलने जोडताच पुन्हा ५२० मिळू लागले.

२.४ गिगाहर्ट्‌झवर राउटरने आपणहून चॅनल ३ निवडला होता, आणि तिथे जवळचे चॅनल एकमेकांवर चढतात, म्हणजे शेजाऱ्यांच्या १ आणि ६ या दोन्ही चॅनलांशी टक्कर. तिथे रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवून चॅनल ११ पक्का केला. जुन्या प्रिंटरला केवळ हाच पट्टा कळतो आणि डब्ल्यूपीए३ ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत मुळीच कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी जुन्या डब्ल्यूपीए२चे वेगळे वाय-फाय नाव काढावे लागले. भारतात ५.४७ ते ५.७२५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २०१८ मध्ये परवान्याविना वापरण्यास खुला झाला; तो मोकळा दिसतो खरा, मात्र रडारची चाहूल लागताच राउटरला तिथला चॅनल सोडावा लागतो, म्हणून मी त्या पट्ट्याबाहेरच्या चॅनल ३६वरच राहिलो.

दोन गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. बंद संगणक दुरून जागा करण्याची सोय केबलवर चालत होती, ती माझ्या वाय-फाय कार्डावर चालत नाही. शिवाय घरात कोणी व्हिडिओ कॉलवर असताना मोठी फाइल उतरवू लागलो, की पिंग ३ मिलिसेकंदांवरून ४०वर उडी घेतो.

वरच्या मजल्यावर आता दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारी पेटी) बसवायचा आहे. तो राउटरला हवेतूनच जोडला, तर नॅसचीच गोष्ट पुन्हा घडेल. म्हणून जिन्याच्या कडेने एक केबल वर न्यावी लागेल आणि तिच्यासाठी एक केसिंग पट्टीही. ताज्या रंगावर ती ठोकायची आहे, हे घरात अद्याप कोणाला सांगितलेले नाही.