शेवटचं शिखर, टेलिस्कोप

झाली! अकरा वर्षं लागली पण झाली. गेल्या शनिवारी पावणेबाराच्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतल्या टेलिस्कोप पीकच्या माथ्यावर पोचले आणि सिएरा क्लब या अमेरिकन निसर्गप्रेमी संस्थेच्या डेझर्ट पीक्स सेक्शनची, म्हणजे वाळवंटातल्या शिखरांची, लिस्ट पूर्ण झाली. अजून पाय दुखतायत आणि कालपासून डोक्यात दुसरं काही येतच नाहीये, म्हणून लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा सेक्शन सिएरा क्लबच्या लॉस एंजेलिसकडच्या शाखेचा, १९४१ पासून चालू आहे. त्यांच्या लिस्टमध्ये जवळपास शंभर शिखरं आहेत आणि ती कॅलिफोर्निया, नेवाडा, अ‍ॅरिझोना, युटा करत खाली मेक्सिकोतल्या बाहापर्यंत पसरलीयत. काही मोठी नावाजलेली, म्हणजे नेवाडातलं सगळ्यात उंच बाउंडरी पीक, किंवा १४ हजार फुटांच्या वरचं व्हाइट माउंटन, जिथे माथ्यावर युनिव्हर्सिटीची संशोधनाची छोटी झोपडी आहे. पण बरीचशी अशी की हायवेवरून जाताना लांबवर तपकिरी डोंगर दिसतात ना, ज्यांच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही, ती. माझं प्रेम त्यांच्यावरच बसलं.

वाट नसते हो. हे आधी डोक्यात शिरावं लागतं. कच्च्या रस्त्याने तासभर गाडी नेऊन (दोन स्टेपन्या घेऊन, एक पुरत नाही) जिथे रस्ता संपतो तिथे उतरायचं आणि कोरड्या ओढ्याच्या वाळूतून चालायला लागायचं. मग ओढा अरुंद होतो, मध्येच कोरडा धबधबा आडवा येतो, तो चढायचा नाहीतर वळसा घालायचा, मग घसारा, म्हणजे पायाखाली घसरणारे सुटे दगड, मग एखादी नाळ, म्हणजे कड्यांमधली अरुंद घळ, आणि शेवटी सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत गेलेल्या धारेवर. आणि पाणी कुठेच नाही. सात लिटर म्हणजे सात किलो पाठीवर, सकाळी उचलताना नको वाटतं आणि दुपारी तेच कमी पडतं. ग्रुपमधल्या सत्तरीच्या एका काकांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं की चढताना एक-दोन लिटर वाटेतच एखाद्या ओळखू येईल अशा दगडाखाली ठेवून द्यायचं, उतरताना तेच उचलायचं. मात्र ज्या बाजूने चढलो त्याच बाजूने उतरणार असू तरच, नाहीतर पाणी एका दरीत आणि आपण दुसऱ्या दरीत!

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते उतरण्याने. विचार करा, चढताना सगळ्या सोंडा वर वर जात एकमेकींना मिळत जातात, चुकलात तरी शेवटी माथ्यावरच पोचता. उतरताना नेमकं उलटं होतं, प्रत्येक सोंड फुटत जाते, एकीच्या दोन, दोनांच्या चार, आणि वरून सगळ्या सारख्याच दिसतात. रॅबिट पीकला मला हे अंगावर येऊन कळलं. सॅल्टन सी नावाच्या सरोवराच्या पश्चिमेला सांता रोझा रांगेतलं हे शिखर उंचीला साडेसहा हजार फूटच आहे, पण सुरुवात पार खालच्या वाळवंटातून, मध्ये व्हिलेजर पीक ओलांडून जायचं, येऊन जाऊन वीसेक मैल आणि परतताना व्हिलेजर पुन्हा चढायचं. डिसेंबरातला दिवस, पाच वाजता अंधार, हेडलॅम्प लावून आम्ही तिघं उतरत होतो, बोलत होतो, आणि बोलण्याच्या नादात शेजारच्या सोंडेवर उतरलो. पाऊण तासाने पुढचा माणूस थांबला. समोर जमीनच नव्हती, नुसता काळोख. परत वर, जवळपास सहाशे फूट, त्या थकलेल्या पायांनी. गाडीशी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि माझ्याकडे पाण्याचे चार घोट उरले होते. त्या रात्रीपासून मी चढताना दर फाट्यावर मागे वळून बघते आणि फोटो काढते, कारण उतरताना मला तेच दृश्य दिसणार असतं.

काट्यांचं थोडक्यात सांगते. चोया नावाचं निवडुंग असतं, नुसतं घासून गेलं तरी त्याचा अख्खा गोळा पायाला चिकटतो, हाताने काढायला गेलात की हाताला. साधा कंगवा ठेवा खिशात, गोळ्याखाली घालून झटका द्यायचा, सुटतो.

बाहामधलं पिकाचो देल दियाब्लो मात्र वेगळंच प्रकरण. ३,०९६ मीटर. पश्चिमेकडून गेलं तर आधी पाइनच्या जंगलातून वर खिंडीपर्यंत चढायचं, मग पलीकडच्या खोल कॅन्यनमध्ये उतरायचं, तळाशी मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर. म्हणजे माथा गाठून खाली आलात तरी घरी जायला पुन्हा तो अख्खा कॅन्यन चढायचाय. वाट दाखवायला दगडांच्या लगोऱ्या आहेत पण चुकीच्या जागीही कुणीतरी रचून ठेवल्यायत. पहिल्यांदा आम्ही मुक्कामावरूनच परत फिरलो, एकाचा गुडघा सुजला होता. तीन वर्षांनी पुन्हा गेले, तेव्हा जमलं.

आणि आता ज्याबद्दल खरं तर मला लिहायचं होतं ते. यातल्या बहुतेक माथ्यांवर दगडांच्या आडोशाला एक डबा असतो, पत्र्याचा नाहीतर बंदुकीच्या गोळ्यांच्या जुन्या पेटीचा, आत वही आणि पेन्सिलीचा तुकडा. पेनची शाई वाळते, पेन्सिल टिकते. नाव, तारीख, चार शब्द. काही डोंगरांवर वर्षाकाठी पाच-सहा नोंदी असतात, त्यामुळे एक वही कितीतरी वर्षं पुरते. मला तिसऱ्या-चौथ्या शिखरापासून एक अक्षर ओळखू यायला लागलं. एक नवरा-बायको, तिचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, नेहमी वाऱ्याबद्दल काहीतरी लिहिलेलं. "आज वारा नाही." "वाऱ्याने टोपी नेली." माझ्या आधी दहा-पंधरा वर्षं. पुढे मी माथ्यावर पोचले की पाणी प्यायच्या आधी वही उघडायला लागले. कॉक्सकॉम्ब नावाच्या डोंगररांगेतल्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांत दोन तास वाट शोधून वर पोचले तेव्हा एकटी होते, आणि वहीत ती होती, मला खूप बरं वाटलं. नंतरच्या काही वह्यांत फक्त तिचंच नाव आहे.

शेवटचं शिखर बरेच जण सोपं ठेवतात, म्हणजे डोंगरात कधी न गेलेली माणसंही सोबत येऊ शकतात. टेलिस्कोपला चांगली मळलेली वाट आहे, महोगनी फ्लॅटपासून सात मैल वर, तीन हजार फूट चढ. आम्ही चौदा जण होतो. शेवटच्या टप्प्यात वाटेला ब्रिसलकोन पाइन लागतात, पिळवटलेली, अर्धी वाळलेली आणि तरी हिरवी. माथा ११ हजार फुटांच्या वर, पूर्वेला पायाखाली डेथ व्हॅलीच्या तळाचं, बॅडवॉटरचं पांढरं मीठ, समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली, आणि पश्चिमेला सिएराच्या रांगेत माउंट व्हिटनी. काकांनी पिशवीतून शॅम्पेन काढली, सात मैल स्वतः वाहून आणलेली, मला उचलू दिली नाही.

सगळे फोटो काढत होते तेव्हा मी डबा उघडला. टेलिस्कोपला गर्दी असते, वह्या लवकर भरतात, त्यामुळे आतली वही नवीच होती, तिचं अक्षर असणं शक्यच नव्हतं. तरी पहिल्या पानापासून सगळी चाळली. मग तारीख घातली, नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, "आज वारा नाही."

काका खालून हाक मारत होते, उशीर होतोय म्हणून. डब्याचं झाकण घट्ट लावलं, वर दगड ठेवला आणि निघाले.