लायनफिशची निंदणी

माझा धाकटा भाऊ फ्लोरिडात असतो आणि सुटीच्या दिवशी भाला घेऊन समुद्रात उतरतो. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेलो असताना त्याने मारून आणलेले लायनफिश मी त्याच्या शेजारी बसून साफ केले. बडोद्याला दांडिया बाजारच्या घरी आई विळीवर पापलेट कापते ते पाहत मी लहानाचा मोठा झालो. इथे मात्र आधी जाड हातमोजे चढवायचे, पाठीवरचे १३, पोटाखालचे २ आणि शेपटीअलीकडच्या परातले ३ असे १८ विषारी काटे कात्रीने मुळापासून छाटायचे आणि मगच सुरी लावायची. विष काट्यांत असते, मांसात नसते. काटा रुतलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून बसतात. एका माशाच्या पोटातून बोटाच्या पेराएवढे सात मासे निघाले, त्यांतले दोन अजून ओळखू येत होते. ती पोपटमाशाची पिल्ले होती.

हा मासा मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला, म्हणजे एका अर्थी आपलाच. लक्षद्वीपच्या प्रवाळांत तो पूर्वापार नांदतो. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ तो १९८५ मध्ये प्रथम आढळला, आणि हौशी लोकांनी घरच्या काचेच्या टाकीतून समुद्रात सोडल्यामुळे तो तिथे पसरला असावा असे अभ्यासक मानतात. तिथल्या लहान माशांना हा शिकारी असल्याचे उमगतच नाही. बहामामध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, लायनफिश असलेल्या प्रवाळखडकांवर नव्याने वस्तीला येणाऱ्या माशांची भर पाच आठवड्यांत सरासरी ७९ टक्क्यांनी कमी पडली. पोपटमाशासारखे शेवाळ खरवडून खाणारे मासे घटले की शेवाळ माजते आणि प्रवाळाला जागा उरत नाही.

गळाला हा मासा क्वचितच लागतो, म्हणून पाणबुड्याने एकेकाला गाठून भाल्याने मारणे हाच हुकमी उपाय ठरतो. काट्यांच्या भरवशावर तो माणसाला पाहूनही हलत नाही, त्यामुळे नेम धरणे सोपे जाते. पण हौशी पाणबुडे साधारण ४० मीटरपर्यंतच उतरतात, आणि लायनफिश ३०० मीटर खोलीवरही आढळला आहे. वर्षाकाठी २० लाखांच्या घरात अंडी घालणाऱ्या मादीपुढे भाल्याचे काय चालणार, असे मला वाटत होते. भावाचे म्हणणे असे की शेतातले तण कायमचे जात नाही म्हणून कुणी निंदणी सोडत नाही, आणि नेमाने उतरले तर तेवढ्या खडकापुरते देशी मासे पुन्हा दिसू लागतात. मला ते पटले.

हे बोलणे चालू असताना मला माझी एक जुनी करणी आठवली. टाकीची काच साफ ठेवतो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा हातभर वाढला, तेव्हा त्याला मारवेना म्हणून मी बडोद्याबाहेरच्या एका तळ्यात सोडून आलो होतो, आणि आपण मोठे पुण्य केले असे तेव्हा मनापासून वाटले होते. मी ते भावाला सांगितले. तो हसला नाही; "दादा, तूसुद्धा?" एवढेच म्हणाला आणि पुढचा मासा माझ्यासमोर सरकवला.