कुर्ली आडवीच चालते

२०१४ साली कुडाळला बाजारपेठेच्या मागचा गाळा भाड्याने घेतला, तेव्हा पाटीवर ‘कॉम्प्युटर ॲनिमेशन’ असं रंगवून घेतलं होतं. मी चित्रकला शिक्षिका, भाऊ कॉम्प्युटर दुरुस्ती करणारा. कर्ज काढून सहा जुने कॉम्प्युटर घेतले. विकणाऱ्याने ‘ॲनिमेशनला मस्त चालतात’ म्हणून गळ्यात मारले. ते सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागायची, तीही वीज असली तर. पहिल्या वर्षी सात मुलं. पालकांचा प्रश्न एकच, याचा एलिमेंटरी-इंटरमिजिएटला उपयोग होईल का? होणार नव्हता. मग त्याच गाळ्यात ग्रेड परीक्षांचे क्लास घेऊन मी भाडं भरू लागले.

जुलैत एकदा वीज गेली ती आलीच नाही. बाहेर धो धो पाऊस, मुलांना घरी सोडता येईना. म्हणून जुन्या वह्यांच्या कोपऱ्यात पानोपानी थोडा थोडा सरकणारा चेंडू काढायला लावला आणि पानं फडफडवून दाखवली. संध्याकाळी पालक न्यायला आले तरी कुणी उठेना. सहा कॉम्प्युटरांनी वर्षभरात जे केलं नाही, ते एका शंभरपानी वहीने केलं. गणपतीनंतर आम्ही कॉम्प्युटर मिळेल त्या किमतीला काढले आणि ॲनिमेशन शिकवायला शाळांमध्ये जाऊ लागलो.

कापलेल्या कागदाचं काम, म्हणजे चित्रांचे तुकडे थोडे थोडे सरकवत दर वेळी फोटो काढायचा, त्यानंतर सुरू झालं. घोटीव कागद दिसतो छान, पण आमच्या दमट हवेत गुंडाळतो. त्यामुळे चित्रं कापायला लग्नपत्रिका. जाड, फुकट, आणि मे महिन्यानंतर प्रत्येक घरात ढीगभर. हातपाय वेगळे कापायचे, सुईने भोक पाडून दोरा ओवायचा, दोन्ही बाजूंना गाठ मारायची. सांधा फिरतो, पण सैल पडत नाही. पहिल्या शाळेत पंखा बंद करायचा राहिला आणि अख्खी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, होडी आणि माणसांसकट, वर्गभर उडाली. तेव्हापासून चित्रांवर खिडकीची जुनी काच ठेवतो, काठांना टेप लावून. ट्रायपॉडचा खर्चही वाचला. प्लॅस्टिकच्या स्टुलाला मधोमध भोक असतं. फोन त्यावर स्क्रीन वर करून ठेवला की कॅमेरा भोकातून बरोबर खाली बघतो. ढग आला की चित्र लुकलुकतं, म्हणून खिडक्या चादरींनी झाकून दोन दिवे लावायचे आणि फोनचा उजेड-फोकस लॉक करायचा. हे शिकायला आम्हाला तीन शाळा लागल्या.

हिशोब मुलांना तोंडपाठ असतो. सेकंदाला बारा फोटो, वीस सेकंदांना दोनशे चाळीस. एक सरकवतो, एक मोजतो, एक बटण दाबतो. चौथा फक्त ‘हात काढ’ म्हणून ओरडतो, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा.

मालवणजवळच्या शाळेत मी माझ्या जुन्या नमुन्यातली कुर्ली, म्हणजे खेकडा, दाखवली. मासेविक्री करणाऱ्या आईची मुलगी म्हणाली, “बाई, कुर्ली कधी सरळ चलता काय?” दुसऱ्या दिवशी तिने बादलीतून जिवंत कुर्लीच आणली. तासभर आम्ही सगळे बादलीभोवती उकिडवे. नांग्या दोन, पाय आठ, त्यांतली मागची जोडी वल्ह्यासारखी चपटी. चालताना जायच्या बाजूचे पाय ओढतात, दुसऱ्या बाजूचे ढकलतात. मुलांनी ते टिपून पाय नव्याने कापले. माझा नमुना मी फाडून टाकला.

पिंगुळीला तर दरवर्षी जातो. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली गोष्ट, आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ तिथे बघायला मिळतो. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्यासाठीच पद्मश्री मिळाली. पडद्यामागे दिवा, पुढे सावली, आणि सांध्यातून हलणारा हात बघितला की मुलं आपल्या दोऱ्याच्या गाठींकडे निराळ्या नजरेने बघतात. मग मी जर्मनीतल्या लोटे रायनिगर बाईंबद्दल सांगते. काळा कागद कापून, काचेखाली दिवा लावून त्यांनी १९२६ साली अख्खा चित्रपट पुरा केला. आणि दादासाहेब फाळके! १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतलं रोप उगवताना थोडं थोडं चित्रित केलं आणि ते दाखवून भांडवल मिळवलं. मीही बँकेत मुलांची फिल्म घेऊन गेले होते. साहेबांना कुर्ली आवडली, कर्ज मात्र तारणावरच मिळालं.

पैशाचं म्हणाल तर डोक्यावर फी घेत नाही, शाळेकडून पाच दिवसांचे ठरावीक घेतो. जिल्हा परिषदेच्या शाळांना ते जड जातात, तिथे कमी घेतो आणि खासगी शाळांतून भरून काढतो. २०२० साल घरीच गेलं. आता आम्ही तिघे आहोत. तिसरी म्हणजे तीच बादलीवाली, कॉलेज सांभाळून येते.

सोमवारी आचऱ्याला जायचंय. काचा गोधडीत गुंडाळून रिक्षाच्या मागच्या सीटवर, आणि भाऊ स्टूल मांडीवर घेऊन पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी.