नवा व्हॉल्व्ह, तोच दिवा : ईजीआर दुरुस्तीचा माझा अनुभव

माझ्या डिझेल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ०४०१ हा कोड आला आणि वर्कशॉपने ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टमधला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) बदलून दिला. थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागला.

इथून पुढे सगळे अडले. दर वेळी कोड पुसून गाडी परत मिळे आणि "व्हॉल्व्ह नवा आहे, त्यात दोष असणार नाही" एवढेच ऐकावे लागे. याचा राग मला अजूनही आहे, कारण हा कोड व्हॉल्व्ह बिघडल्याचे सांगतच नाही. एक्झॉस्टमधला वायू अपेक्षेइतका परत इंजिनात पोहोचत नाही, एवढेच सांगतो. ज्वलनाचे तापमान फार चढले की हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनपासून नायट्रोजनची घातक ऑक्साइडे बनतात. परत सोडलेल्या वायूत ऑक्सिजन कमी आणि उष्णता शोषणारे कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ जास्त असल्यामुळे ते तापमान उतरते. व्हॉल्व्ह उघडला की तेवढ्या प्रमाणात बाहेरची ताजी हवा कमी आत यायला हवी, आणि अनेक डिझेल इंजिनांत, आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर मास सेन्सरच्या आकड्यातली ही घट पाहूनच ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, परत येणाऱ्या वायूच्या प्रवाहाचा अंदाज घेतो. म्हणजे सेन्सर मळला असेल किंवा वाट तुंबली असेल, तरी कोड हाच येतो.

अखेर एका जाणत्या मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघडला. व्हॉल्व्ह आज्ञेनुसार हलला, हवेचा आकडा मात्र जवळजवळ हललाच नाही. इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) उतरवल्यावर काजळी आणि तेलाची वाफ मिळून झालेल्या घट्ट थराने वायूची वाट बुजलेली दिसली. ती साफ करून, नवे गॅस्केट लावून गाडी मिळाली, तेव्हा मला फार हायसे वाटले.

व्हॉल्व्ह बदलण्याआधी ही चाचणी आपल्यासमोर करून मागावी, आणि त्याही आधी होजमधून हवा गळत नाही ना, हे पाहायला सांगावे. पत्रा लावून वाट कायमची बंद करण्याचा सल्लाही मला मिळाला होता. तो मी ठामपणे नाकारला, कारण त्याने इंजिनाचे प्रदूषण वाढते. आयडलिंगला इंजिन थरथरत असेल आणि काळा धूर येत असेल, तर मात्र व्हॉल्व्ह उघडा अडकल्याची शक्यता असते. तेव्हा तो उतरवून साफ करता येतो, फक्त त्याच्या विजेच्या मोटरवर क्लीनर जाऊ देऊ नये.